जुना नेटवर्क ड्राइव्ह नव्या संगणकाला का दिसत नाही? कारणे आणि सुरक्षित उपाय

राउटरशेजारी दहा-बारा वर्षांपासून एक काळी किंवा पांढरी पेटी ठेवलेली असते. घरातल्या सगळ्यांचे फोटो, मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ, जुन्या हिशेबाच्या फाइल, स्कॅन केलेली कागदपत्रे असे सगळे त्यात असते. मग घरात नवा लॅपटॉप येतो आणि त्यावर ही पेटी दिसतच नाही. पेटीवरचा दिवा हिरवा असतो, आतली डिस्क फिरत असते, जुन्या लॅपटॉपवर कालपर्यंत फोल्डर उघडत होते. तरी नवा लॅपटॉप म्हणतो, ‘नेटवर्क पाथ सापडला नाही.’

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्यामुळे अनेकांनी संगणक बदलले आणि अनेक घरांत, दुकानांत, दवाखान्यांत ही अडचण एकदम समोर आली. अशा वेळी पहिली शंका येते ती ड्राइव्ह बिघडल्याची. बहुतेक वेळा तसे नसते. ड्राइव्ह ठीक असतो, नवा संगणक मुद्दामच त्याच्याशी बोलायला नकार देत असतो.

## थोडक्यात

- जुना ड्राइव्ह फाइल देण्याघेण्याची जी जुनी पद्धत वापरतो, ती नव्या संगणकांत सुरक्षिततेसाठी बंद केलेली आहे.
- ती पुन्हा चालू करता येते, पण तो शेवटचा उपाय आहे. त्याआधी करून पाहण्यासारखे चार-पाच सोपे मार्ग आहेत.
- जुनी पद्धत चालू करावी लागलीच तर डेटा बाहेर काढेपर्यंतच ठेवावी. काम झाले की लगेच बंद करावी.
- संगणकाने डिस्क ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ करायची का असे विचारले तर कधीही ‘हो’ म्हणू नये.

## नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे काय?

यूएसबीने जोडायची साधी हार्ड डिस्क आणि नेटवर्क ड्राइव्ह यांत मोठा फरक आहे. साधी डिस्क थेट संगणकाच्या ताब्यात असते. नेटवर्क ड्राइव्ह, ज्याला एनएएस म्हणतात, हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि बहुधा लिनक्सवर आधारलेली प्रणाली असते. तो केबलने राउटरला जोडलेला असतो. तुमचा लॅपटॉप त्याच्याकडे फाइल मागतो आणि तो ती काढून देतो.

या मागण्या-देण्याची भाषा ठरलेली असते. विंडोजच्या जगात तिचे नाव एसएमबी. ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. तिची दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली आणि तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. पण त्या काळात विकले गेलेले अनेक नेटवर्क ड्राइव्ह पहिल्याच आवृत्तीवर थांबले. कंपनीने त्यांचे अपडेट बंद केले की त्यांची भाषा तिथेच गोठली.

अ‍ॅपलच्या संगणकांत एएफपी नावाची वेगळी भाषा होती. २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून अ‍ॅपलनेही एसएमबीला पहिली पसंती दिली.

## जुनी भाषा बंद का केली?

एसएमबीची पहिली आवृत्ती बनली तेव्हा कार्यालयातले नेटवर्क म्हणजे ओळखीच्या माणसांचे जग होते. त्यामुळे तिच्यात आजच्यासारखे संरक्षण नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले एसएमबीची जबाबदारी सांभाळणारे नेड पाइल यांनी, ही आवृत्ती वापरणे थांबवा, असे जाहीरपणे लिहिले होते.

पुढच्याच वर्षी त्याची किंमत जगाला कळली. विंडोजमधील या आवृत्तीच्या अंमलबजावणीतला एक दोष वापरणारे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार एप्रिल २०१७ मध्ये उघड झाले. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने याच दोषाचा फायदा घेतला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला आणि फाइल कुलूपबंद करून पैसे मागू लागला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या कित्येक रुग्णालयांचे काम त्यामुळे कोलमडले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही जुनी भाषा टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात केली. आजच्या नव्या लॅपटॉपवर ती मुळात चालूच नसते.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी दोन दारे लावली. प्रो आवृत्तीत प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आणि पासवर्डशिवाय ‘पाहुणा’ म्हणून आत जाणे बंद झाले. त्यामुळे एसएमबीची दुसरी आवृत्ती येणारा ड्राइव्हसुद्धा कधीकधी अडतो.

## संगणक काय म्हणतो ते नीट वाचा

पडद्यावरचा संदेश घाईत बंद करू नका. अडचण कुठली आहे ते बहुधा त्यातच लिहिलेले असते.

- शेअर सुरक्षित नाही, त्याला एसएमबी१ लागते असा संदेश आला तर अडचण भाषेची आहे.
- तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही असा संदेश आला तर अडचण पासवर्डची आहे. घरच्या लॅपटॉपला कुठली संस्था, असा प्रश्न पडतो. पण हे वाक्य विंडोजमध्ये ठरलेले आहे, घाबरू नका.
- नाव किंवा पासवर्ड चुकीचा असे येत असेल तर नव्या लॅपटॉपकडे ड्राइव्हचा पासवर्ड नाही.
- नेटवर्क पाथ सापडला नाही हा संदेश सगळ्यात संदिग्ध. पत्ता चुकलेला असू शकतो किंवा भाषाही जुळत नसेल.

## पायरी १ : पत्ता तपासा

‘नेटवर्क’ या खिडकीत ड्राइव्ह दिसत नाही, एवढ्यावरून तो हरवला असे समजू नका. शेजारची उपकरणे शोधण्याची विंडोजची जुनी यंत्रणा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. ती गेल्यावर जुनी उपकरणे यादीतून गायब झाली. पण थेट पत्ता दिला तर ती सापडू शकतात.

१. ब्राउझरमध्ये राउटरचे पान उघडा. जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा आणि ड्राइव्हचा आयपी पत्ता टिपून घ्या. तो १९२.१६८.१.५० अशा स्वरूपाचा असतो.
२. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे तो पत्ता लिहा : \\१९२.१६८.१.५०. आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी टाइप करा.
३. यादीत ड्राइव्हच नसेल तर केबल बदलून पाहा, राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहा.

मधल्या काळात इंटरनेट कंपनी बदलून नवा राउटर आला असेल तर एक वेगळीच गोष्ट घडते. जुना राउटर १९२.१६८.०.१ या पत्त्यावर आणि नवा १९२.१६८.१.१ वर असेल आणि ड्राइव्हला कायमचा पत्ता दिलेला असेल, तर तो अजून जुन्याच गल्लीत उभा असतो. ड्राइव्हचे नेटवर्क सेटिंग बदलून तो पत्ता आपोआप घेईल असे करा, किंवा तेवढ्यापुरता राउटरचा पत्ता जुन्यासारखा करा.

आणखी एक तपासणी : लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायला जोडलेला नाही ना? त्या वाय-फायवरून घरातली इतर उपकरणे मुद्दाम दिसू देत नाहीत.

## पायरी २ : नाव आणि पासवर्ड

जुन्या लॅपटॉपने ड्राइव्हचा पासवर्ड वर्षांपूर्वी लक्षात ठेवलेला होता, म्हणून तो कधी विचारतच नव्हता. नव्या लॅपटॉपला तो माहीत नाही. इथे लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन चालत नाही आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्डही नाही. लागतो तो ड्राइव्हमध्येच तयार केलेला वापरकर्ता.

ड्राइव्हला कधीच पासवर्ड नव्हता, म्हणजे सगळे ‘पाहुणे’ म्हणूनच आत जात असतील, तर त्याच्या सेटिंग पानावर जाऊन एक वापरकर्ता तयार करा, पासवर्ड द्या आणि हवी ती फोल्डर त्याला उघडी करा. विंडोजमध्ये पाहुण्यांचा प्रवेश पुन्हा सुरू करण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला.

सेटिंगचे पानच उघडत नसेल तर पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ऐवजी साधे ‘एचटीटीपी’ लिहून पाहा. जुनी उपकरणे वापरतात ती टीएलएस १.० ही कूटबद्धता मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केली. त्यामुळे पान असूनही उघडत नाही.

## पायरी ३ : ड्राइव्हलाच नवी भाषा येते का?

काही ड्राइव्हना एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती येते, पण ती बंद करून ठेवलेली असते. उदाहरणार्थ, सिनॉलॉजीच्या उपकरणांत कंट्रोल पॅनेल, फाइल सर्व्हिसेस, एसएमबी, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज असे गेले की सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची आवृत्ती निवडता येते. खालची एसएमबी२ आणि वरची एसएमबी३ ठेवली की बरेचदा काम होते. इतर कंपन्यांच्या ड्राइव्हमध्येही असे सेटिंग शोधा.

ते नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचे शेवटचे फर्मवेअर पाहा. मात्र एक सावधगिरी बाळगा. ड्राइव्हमध्ये असलेली प्रत ही एकमेव प्रत असेल तर आधी डेटा बाहेर काढा, मग अपडेट करा. दहा वर्षे चाललेल्या यंत्राचे अपडेट मध्येच अडकले किंवा वीज गेली, तर ते पुन्हा सुरू होईलच असे नाही.

## पायरी ४ : एसएमबीला वळसा घालणारे मार्ग

आपल्याला हवी आहेत ती फोल्डर. ती याच दारातून यायला हवीत असे नाही.

जुना लॅपटॉप. तो अजून चालत असेल तर सगळ्यात सोपा उपाय तोच. त्याला नवी यूएसबी डिस्क जोडा आणि सगळे तिच्यावर उतरवा. नवा लॅपटॉप आला म्हणून जुना लगेच देऊन टाकू नका, ते याचसाठी.

ड्राइव्हचे स्वतःचे यूएसबी पोर्ट. अनेक नेटवर्क ड्राइव्हच्या मागे यूएसबी पोर्ट असते. त्यात बाहेरची डिस्क लावून, ड्राइव्हच्या सेटिंग पानावरूनच कॉपी करता येते. यात संगणकाची भाषा मध्ये येतच नाही.

ब्राउझर किंवा एफटीपी. काही ड्राइव्हमध्ये ब्राउझरमधूनच फाइल उतरवता येतात. बऱ्याच ड्राइव्हमध्ये एफटीपी चालू करता येते आणि फाइलझिलासारख्या मोफत प्रोग्रॅमने फाइल ओढता येतात. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. म्हणून ती घरच्या नेटवर्कपुरती आणि तेवढ्याच वेळासाठी वापरा.

पेन ड्राइव्हवरचे लिनक्स. पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून, जोडणी करताना एसएमबीची पहिली आवृत्ती वापरायला सांगता येते. विंडोजच्या सेटिंगला हात लागत नाही. थोडी सवय लागते, पण जाणकार मित्राच्या मदतीने तासाभरात होते.

## पायरी ५ : शेवटचा उपाय, तात्पुरती एसएमबी१

वरचे काहीच जमले नाही तर विंडोजमध्ये जुनी भाषा थोड्या वेळासाठी चालू करता येते.

१. राउटरची इंटरनेटची केबल काढून ठेवा. घरातले नेटवर्क चालू राहते, बाहेरचा रस्ता बंद होतो.
२. स्टार्टमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ शोधा.
३. यादीत ‘एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ उघडा. त्यात तीन गोष्टी दिसतील. फक्त ‘क्लायंट’वर खूण करा. ‘सर्व्हर’ला हात लावू नका. क्लायंट म्हणजे तुमचा संगणक दुसऱ्याकडे मागणार. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांना तुमच्या संगणकाकडे मागता येणार, आणि ते आपल्याला नकोच.
४. ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’वर खूण असेल तर राहू द्या. ही सोय १५ दिवस वापर झाला नाही तर जुनी भाषा आपोआप काढून टाकते.
५. संगणक पुन्हा सुरू करा आणि पायरी १ प्रमाणे पत्ता टाका.
६. डेटा उतरवून झाला की त्याच यादीत जाऊन खूण काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. इंटरनेटची केबल त्यानंतरच लावा.

कामाच्या ठिकाणचा संगणक असेल तर हे स्वतः करू नका. तिथे एका संगणकातली फट म्हणजे सगळ्या नेटवर्कमधली फट.

## मॅकवर काय करावे?

फाइंडरमध्ये ‘गो’ या यादीतून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ निवडा आणि पत्त्याआधी एसएमबी किंवा एएफपी लिहून दोन्ही करून पाहा. अ‍ॅपलचा स्वतःचा ‘टाइम कॅप्सूल’ जानेवारी २००८ मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये अ‍ॅपलने तो बंद करत असल्याचे सांगितले. त्याला फक्त एएफपी आणि एसएमबीची पहिली आवृत्ती येते. अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे की पुढे एएफपी मॅकमधून पूर्ण काढले जाईल. म्हणून टाइम कॅप्सूलमधला डेटा मॅक नव्या आवृत्तीवर नेण्याआधीच काढून घ्या. त्यासाठी त्याच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावून एअरपोर्ट युटिलिटीमधली ‘आर्काइव्ह डिस्क’ ही सोय वापरता येते.

## किती वेळ लागेल?

लोक इथेच कंटाळून मध्ये सोडतात, म्हणून हिशेब आधीच करून ठेवा. जुना ड्राइव्ह सेकंदाला ३० एमबी देत असेल तर १ टीबी डेटाला सव्वानऊ तास लागतात. ड्राइव्हचे पोर्ट १०० मेगाबिटचे असेल तर सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर वेग जाऊच शकत नाही, म्हणजे २२ तासांहून जास्त. अशक्त वाय-फायवर सेकंदाला ५ एमबी मिळाले तर ५५ तास. तेव्हा लॅपटॉप केबलने जोडा, चार्जर लावून ठेवा आणि तो झोपणार नाही असे सेटिंग करा. वीज जात असेल तर ड्राइव्ह आणि राउटर यूपीएसवर ठेवा.

सगळे एकदम उतरवू नका. जे परत मिळणारच नाही ते आधी : फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे, हिशेब. चित्रपट आणि गाणी शेवटी. मोठ्या फोल्डरसाठी विंडोजमधली ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा चांगली. मध्ये थांबली तर ती पुन्हा चालवल्यावर आधी पूर्ण आलेल्या फाइल वगळते.

झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहा. वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-वीस फाइल उघडून बघा. बॅकअप एखाद्या प्रोग्रॅमने बांधलेला असेल तर फाइल दिसल्या म्हणजे काम झाले असे नाही. त्या त्याच प्रोग्रॅमने उघडून एक फोल्डर प्रत्यक्ष बाहेर काढून पाहा. विंडोज ७ मधल्या बॅकअपसाठी विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ ही सोय अजून आहे.

## पेटीच सुरू होत नसेल तर

पेटी बंद पडली तरी आतली डिस्क चांगली असू शकते. आधी पॉवर अडॅप्टर बदलून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. पण ती बहुधा लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही. मग विंडोज विचारते : डिस्क फॉरमॅट करू का? अनेकांचा डेटा याच एका क्लिकने गेला आहे. ‘कॅन्सल’ करा आणि डिस्क लिनक्सवर उघडा.

दोन डिस्क असतील तर काढण्याआधी त्यांवर १ आणि २ असे आकडे लिहा. दोन्हींवर सारखीच प्रत असेल तर एकीवरूनही डेटा मिळतो. डेटा दोन्हींत विभागलेला असेल तर दोन्ही लागतात. काही मॉडेलांची रचना आणखी वेगळी असते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ची डिस्क नेहमीच्या लिनक्सवरही सरळ उघडत नाही, कारण तिच्यावरचे ठोकळे ६४ केबीचे आहेत. तिथे जाणकाराची मदत घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज ताबडतोब बंद करा. पुन्हापुन्हा सुरू करून पाहिल्याने उरलेलाही डेटा जातो.

## मग जुन्या ड्राइव्हचे काय करायचे?

डेटा निघाला, ड्राइव्हही चालतोय, तर राहू दे की जोडलेला, असे वाटते. याच माय बुक लाइव्हचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१० मध्ये आलेल्या या ड्राइव्हला २०१५ नंतर अपडेट मिळाले नव्हते. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेले असे अनेक ड्राइव्ह कोणीतरी दुरून कोरे करून टाकले. लोकांनी सकाळी पाहिले तेव्हा वर्षानुवर्षांची फोल्डर रिकामी होती. कंपनीला ग्राहकांना सांगावे लागले की ड्राइव्ह इंटरनेटपासून तोडा.

तेव्हा अपडेट न मिळणारा ड्राइव्ह राउटरवर कायमचा ठेवू नका. हवे तर डेटासकट बंद करून कपाटात ठेवा, एक जादा प्रत म्हणून. रोजच्या बॅकअपसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला साधा नियम पाळा : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे भावाच्या घरी ठेवलेली डिस्कही चालते.

या सगळ्या खटपटीत जुना ड्राइव्ह पुन्हा कामाला लावणे हे उद्दिष्ट नाही. त्यातला डेटा नव्या जागी सुखरूप पोहोचला की काम झाले. ड्राइव्ह आज चालतो आहे, म्हणून हे काम आजच करायचे.